रेणूचा चमचा

वांग्यांची कॅरेटं उतरवून मी आदिलाबादच्या भाजीबाजारात अडत्याशी हुज्जत घालत उभा होतो, तेव्हा प्रशांतचा फोन आला. प्रशांत म्हणजे माझा भाचा, धाकट्या बहिणीचा मुलगा. खोटं कशाला सांगू, पहिल्यांदा मी फोन उचललाच नाही. महिनाभर त्या घराशी माझा अबोला चालू होता. राग मी धरायचा आणि तो काढायला दुसऱ्यांनी माझ्या दारी यायचं, ही माझी जुनी खोड. दुसऱ्यांदा वाजला, तिसऱ्यांदा वाजला, तेव्हा कानाला लावला. "मामा, ताई गेली," एवढंच तो बोलला. त्याच्या मागं काहीच आवाज नव्हता. जैनथला बहिणीच्या घरी पिठाची चक्की आहे, दारातच. त्या घरून फोन आला आणि मागं चक्कीची घरघर नाही, असं आजवर झालं नव्हतं. अडत्यानं विचारलं, "क्या हुआ पटेल?" मी म्हटलं, भाची गेली. "वो चक्कीवाली बच्ची?" तो म्हणाला आणि त्यानं हातातला कागद खाली ठेवला. जैनथमधल्या एका कोपऱ्यात बसून राहिलेल्या मुलीला आदिलाबादचा अडत्याही ओळखत होता, हे मला तेव्हा कळलं.

रेणुका तिचं नाव. आम्ही रेणू म्हणायचो. चोवीस वर्षांची होऊन गेली. या चोवीस वर्षांत ती स्वतःच्या पायावर एकदाही उभी राहिली नाही. या पुरवणीत माझे जे चार-दोन लेख छापून आले, ते सगळे तिनं तपासलेले. मी फोनवर बोलायचो, ती लिहून घ्यायची, माझ्या वाक्यांतला मसाला काढून टाकायची आणि वर म्हणायची, "मामा, तुमी लिवता कमी अन् भांडता जास्त." हा लेख तिच्या नजरेखालून गेलेला नाही. चुका राहिल्या असतील तर वाचकांनी सांभाळून घ्यावं... सांभाळणारी गेली.

माझी बहीण सुमन जैनथला दिली, ती आमच्या सख्ख्या आत्याच्या मुलाला. आमच्याकडं ही रीतच आहे. भावाची मुलगी बहिणीच्या घरी जाते, पोर परक्याच्या दारात पडत नाही, शेताचा बांध आणि मनाचा बांध दोन्ही शाबूत राहतात. रेणू झाली तेव्हा गोरीपान, टपोऱ्या डोळ्यांची. आठव्या-नवव्या महिन्यात बसायला लागली, पण उभं करावं तर पाय लोंबकळायचे. आई म्हणाली, दृष्ट लागली. शेजारणी म्हणाल्या, तेल कमी पडलं. मग तेल लावणं झालं, दोरा बांधणं झालं. उटनूरकडच्या जंगलातल्या एका गावात कुणी पाला देतो म्हणून कळलं, तर तिला खांद्यावर टाकून मी बसनं तिकडंही नेलं. तीन फेऱ्या केल्या. बसमध्ये ती माझ्या खांद्यावर मान टाकून खिडकीतून सागाची झाडं बघायची. तिचं ओझं ते काय, ओल्या टॉवेलाएवढं! मला वाटायचं, आपल्या अंगात एवढी ताकद आहे, हिच्या अंगात थोडी घालता आली तर...

तीन वर्षांची असताना हैदराबादला नेलं. तिथल्या मोठ्या डॉक्टरनं तिच्या गुडघ्यावर हातोडी मारून पाहिली, पाय हललाच नाही. जीभ बाहेर काढायला लावली तर जिभेवर बारीक थरथर, साचलेल्या पाण्यावर वारा सुटावा तशी. मग त्यानं मान वर करून तेलुगूत विचारलं, "मेनरिकमा?" तिकडं मामा-आत्याच्या मुलांच्या लग्नाला हा शब्द आहे. मी छाती पुढं काढून सांगितलं, "हाव साब, घरातलंच. आमच्यात बाहेर नाही देत." डॉक्टरनं पेन खाली ठेवला. मग भाऊजींना आणि सुमनला समोर बसवून हिंदीत हळूहळू समजावलं. पाठीच्या कण्यात काही पेशी असतात, त्या स्नायूंना हलायला सांगतात. या मुलीच्या त्या पेशी मरत चालल्यात. सांगणारंच कुणी उरलं नाही की स्नायू वाळत जातात. हे आई आणि बाप दोघांच्याही रक्तातून आलंय, दोघांना स्वतःला काहीच होत नाही. डोकं मात्र उत्तम राहील, असंही तो म्हणाला. सुमननं विचारलं, "पन चालन ना डॉक्टरसाब?" त्यावर तो माझ्याकडं बघायला लागला. मी छताच्या पंख्याकडं बघत बसलो. त्या पंख्याचं एक पातं वाकलेलं होतं, एवढंच आज आठवतं.

डोकं उत्तम राहील म्हणाला ते मात्र शंभर टक्के खरं ठरलं. भाऊजी तिला उचलून मराठी शाळेत नेऊन बसवायचे. दहावीला लेखनिक घेऊन पेपर दिले आणि गावातल्या धडधाकट पोरांच्या पुढं गेली. पुढं पाठीचा कणा वाकला, बसणं अवघड झालं, तेव्हा वेल्डिंगवाल्याकडून सायकलच्या चाकांची एक खुर्ची बनवून घेतली आणि ती चक्कीच्या आतल्या दारात ठेवली. डॉक्टर म्हणाले होते, पिठाच्या धुरळ्यात बसवू नका, छातीला त्रास होईल. मी ओरडलो, भाऊजी ओरडले. ती म्हणाली, "घरात कोंडून ठेवलं तं छाती चांगली राहीन, पन मी नाही राह्यनार." नाकातोंडावर रुमाल बांधून बसायची. कोणाचं दळण पहिलं, कोणाचं दुसरं, कोणत्या डब्यात ज्वारी आणि कोणत्या पिशवीत गहू, सगळं तिच्या ध्यानात. डबा नुसता बघून कोणत्या घरचा ते सांगायची. गल्लीतल्या बायका दळण टाकून घरी न जाता तिच्याशी बोलत बसायच्या. नवऱ्याची कागाळी तिला, सुनेची कागाळी तिला. भाऊजी म्हणायचे, चक्की मी चालवतो, गिऱ्हाईक रेणू चालवते.

पण तिचा आवाज बारीक होत चालला होता. चक्कीच्या घरघरीत तो कुणालाच ऐकू जाईना. तेव्हा तिनंच युक्ती काढली. खुर्चीच्या हातावर एक रिकामा पत्र्याचा डबा बांधून घेतला आणि बोटांत स्टीलचा चमचा धरला. एकदा वाजवलं की हो, दोनदा वाजवलं की नाही, तीनदा वाजवलं की आईनं यायचं. पुढं पुढं सुमन एका आवाजालाच यायची. मागच्या अंगणात धुणं धूत असली, चुलीवर भाकर असली, तरी टण् झालं की हिच्या तोंडून निघालंच, "आली माय, आली!" आम्हाला चक्कीत शेजारचा माणूस ऐकू येत नसे आणि हिला अंगणात तो चमचा ऐकू यायचा. कसा, ते देव जाणे.

काही वर्षांत स्टीलचा चमचा जड व्हायला लागला. मग औषधाच्या बाटलीबरोबर येतो तो प्लास्टिकचा चमचा आला. नंतर तोही हातातून गळायला लागला. दोन वर्षांपूर्वी जैनथच्या जत्रेत मी तिला कपातलं आइस्क्रीम भरवलं, तेव्हा त्यातला लाकडी चपटा चमचा तिनं दातात धरून ठेवला, टाकूच देईना. म्हणाली, "मामा, हा उचलते मले." मी म्हटलं, चमचा काय तुला उचलणार? "म्हंजे मी त्याले उचलते वो! लेखक झाले अन् इतकं नाही समजत." तेव्हापासून तो चमचा. त्या घरातली प्रत्येक वस्तू तिच्या हाताच्या मापानं ठेवलेली असायची. पाण्याची नळी, फोन, रुमाल, चमचा. आधी हातभर अंतरावर, मग वीतभर. ते अंतर कमी होत चाललंय हे सगळ्यांना दिसायचं. नवीन औषधं निघालीत म्हणे, पण ती आमच्यासारख्यांच्या हाताला लागणारी नव्हती, आणि तिला तर उशीरच झाला होता. मी बापाची शेती सांभाळली, नदीचा पूर पाहिला, कचेरीतल्या भल्याभल्या साहेबांशी भांडलो. पण त्या रोगाचा विळखा पडलेल्या पोरीपुढं बसलं की माझे हे दोन हात नुसते मांडीवर पडून असायचे.

आता जे लिहायचं आहे ते लिहिल्याशिवाय हा लेख पुरा होत नाही. माझी मुलगी वैशाली झाली तेव्हा बारशाला सुमन आत्या म्हणून आली. कानात नाव सांगितलं, माझ्या बायकोची खणानारळानं ओटी भरली आणि चार बायांत सांगितलं, "हे माही सून." प्रशांत तेव्हा दोन वर्षांचा, पाळण्याची दोरी ओढत उभा. मी शब्द दिला. आता वैशी पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि प्रशांत चक्की सांभाळतो. दोघंही कधी हो म्हणाली नाहीत, कधी नाही म्हणाली नाहीत, लहानपणापासून ठरलेलंच होतं. यंदा तुळशीच्या लग्नानंतर तारीख काढू, असं आम्ही म्हणत होतो.

त्याच्या आधी एका सकाळी मी जैनथला गेलो. चक्कीत पाच-सहा बाया बसलेल्या. रेणूनं मला जवळ बोलावून विचारलं, "मामा, तुमच्या वांग्याचं बी तुमी घरचंच धरता ना?" माझ्या गावरान वांग्याचा मला भारी अभिमान. म्हटलं, घरचंच, आज्यापासूनचं. "कधी बदलतच नाही?" म्हटलं, चार-पाच सालांनी पाहुण्याकडून ओंजळभर आणतो आणि त्यात मिसळतो, नाहीतर झाड खुजं राहतं, वांगं कडू निघतं. तिनं डोळे मिचकावले. "वांग्याचं समजते मामा, मंग लेकरायचं काऊन नाही समजत?" बाया फिदीफिदी हसल्या. ती मात्र हसत नव्हती. म्हणाली, "प्रशांतचं अन् वैशीचं रक्त तपासून आना. एखाद्याच्या रक्तात असलं तं काही बिघडत नाही. दोघायच्या असलं तं चारातलं एक लेकरू माह्यासारखं. मी लगन मोडा नाही म्हनत. तपासा म्हंते. माह्या मायनं चोवीस वर्सं जे केलं, ते वैशीनं नाही केलं पायजे."

एवढं बोलायला तिला किती वेळ लागला, किती ठिकाणी थांबावं लागलं... मला ते ऐकायला नको होतं. लग्न मोडायचं म्हणजे बहिणीला सांगायचं की तुझं घर रोगी आहे. तपासणी करायची म्हणजे उद्या गावभर व्हायचं की याच्या पोरीच्या रक्तात दोष आहे, मग तिला करणार कोण? हे सगळं डोक्यात आणि समोर त्या हसणाऱ्या बाया. माझी तळपायाची आग मस्तकाला गेली. मी बोललो ते शब्दन् शब्द लिहितो, कारण न लिहिण्याचा हक्क मला नाही. मी म्हटलं, "तुह्यं झालं नाही म्हनून भावाचं मोडतं काय?"

चक्कीत गहू संपून नुसता दगड फिरत होता. भाऊजींनी पट्टा उतरवला. रेणू माझ्याकडं बघत राहिली, मग तिची बोटं हलली आणि तो लाकडी चमचा दोनदा वाजला. नाही. मी चपला घातल्या आणि निघालो. सुमन रस्त्यापर्यंत मागं आली, "दादा, चहा तरी घे वो," म्हणत. मी वळून पाहिलं नाही.

मग महिनाभर गेलो नाही. एकदा तिचा निरोप आला, "मामा, लेख पाठवा, तपासून देते." मी उत्तर दिलं नाही. मग आणखी एक आला, तो अजून फोनमध्ये आहे. "मामा, राग गेला असन तं एकदा वाजवा." दुपारी शेतात पाणी देत असताना वाचला. हसू आलं, राग तर केव्हाच गेला होता. पण म्हटलं, एवढ्यात नको, दोन दिवस जाऊ दे, तिलाही कळू दे. असला मी माणूस! फोन खिशात टाकला आणि पाण्याचा बारा मोडायला, पाणी पुढच्या सरीत वळवायला गेलो. दोन दिवसांचे चार झाले. त्यात थंडी वाढली, तिला साधी सर्दी झाली. आपण खोकतो आणि मोकळे होतो. खोकायलाही ताकद लागते, हे तिच्यामुळं कळलं. छातीत कफ साचत गेला आणि तो बाहेर टाकायला तिच्या अंगात काहीच नव्हतं. आदिलाबादला न्यायला गाडी बोलावली होती. ती दारात आली तेव्हा उशीर झाला होता, असं प्रशांत म्हणाला. मला आधी का सांगितलं नाही म्हणून मी त्याच्यावर डाफरलो. तो म्हणाला, "मामा, तुमी फोन उचलत होते का?"

तेरवी झाली. पंगती उठल्या आणि मी अंगणात बसलो होतो, तेव्हा वैशी जवळ आली. म्हणाली, "बाबा, रेणूताईनं मलेही सांगतलं होतं. मी अन् प्रशांत जाऊन येतो हैदराबादले. तुमी हो म्हना." म्हणजे इतके दिवस सगळे माझ्या एका हो-साठी थांबले होते. मी म्हटलं, मीही येतो. तिघं गेलो. रक्त दिलं. अहवाल यायला काही आठवडे लागले. तो आला तेव्हा प्रशांतनं मला फोनवर वाचून दाखवला, वैशीनं कागद काढून आणला. दोघांच्याही रक्तात आहे. दोघं ठणठणीत, दोघांना जन्मभर काही होणार नाही, आणि दोघांनी मिळून... पुढचं मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. बाहेरच्या जोडीदाराचं रक्त तपासून दोघं सुखानं लग्न करू शकतात, असं डॉक्टर म्हणाले. वैशी म्हणाली, बाबा, मी होणाऱ्या नवऱ्याला सगळं सांगूनच लग्न करीन. माझी पोर माझ्यापेक्षा शहाणी निघाली.

आता सुमनला सांगायचं होतं. आधीच मुलगी गेली, त्यात दोन महिनेही झाले नसतील तोवर सून हिरावून घ्यायला भाऊ उभा. परवा सकाळी कागद खिशात घालून जैनथला गेलो. चक्की चालू होती, भाऊजी आणि प्रशांत दळणात. आतल्या दारात ती खुर्ची तशीच, रुमाल घडी करून ठेवलेला, पत्र्याच्या डब्यावर तो लाकडी चमचा. वापरून वापरून त्याची एक कड काळी पडलीय. सुमन मागं अंगणात भांडी घासत होती. कुठून सुरू करावं, कळेना. मी खुर्चीजवळच्या ओट्यावर बसलो. चमचा हातात घेतला. अगदीच हलका, हातात काही आहे असं वाटतच नव्हतं. फोनमधला तो निरोप आठवला. राग गेला असेल तर एकदा वाजवा...

मी एकदा वाजवलं.

"आली माय, आली!" अंगणातून सुमनचा आवाज आला आणि पाठोपाठ तीच धावत आली. हात राखेनं भरलेले, पदर खोचलेला. दारात मला पाहिलं आणि चौकट धरून जागच्या जागी उभी राहिली. देवा, असलं काही माझ्या हातून व्हायला नको होतं. मला तोंडच वर करवेना. खाली बघतच मी सांगून टाकलं, "सुमे, वैशी तुह्या घरी सून म्हनून नाही येनार. दोघायच्या रक्तात हाये. मी शब्द मोडून राह्यलो."

ती बराच वेळ हाताची राख हातानंच पुसत राहिली. मला वाटलं होतं रडेल, भांडेल, दिलेला शब्द काढेल. ती म्हणाली, "मले सांगून गेली ते. मामा येईन म्हने, उशिरानं येईन पन येईन. तू त्याच्यावर चिडू नको माय, म्हने." मग माझ्याकडं न बघता, "लय वाट पाह्यली दादा तुही."

मी उठलो आणि चमचा जिथून उचलला होता तिथं, खुर्चीच्या हातापासून वीतभरावर, नीट ठेवला. तिचं माप मला पाठ होतं. सुमन पुढं आली, वाकली आणि तो चमचा तिनं चार बोटं अलीकडं सरकवला.

"तेथून तिचा हात पुरत नोव्हता दादा," ती म्हणाली, "या शेवटच्या महिन्यात."